मधली भिंत

इंजिनिअरने ट्रेसिंग पेपर टेबलावर पसरला. त्यावर त्याने एकच घर काढले होते. पुढे ओसरी, मग बैठकीची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, एका कडेला जिना आणि वर तीन खोल्या. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. "हे कुणाचं? आमचं की भावोजींचं?" वहिनींनी विचारले. इंजिनिअर हसला. त्याने तो पातळ कागद उचलला, एका कडेवर उलटा केला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. तेच घर आता डाव्याचे उजवे होऊन शेजारी बसले. "हे बघा, झालं दुसरं." ज्या कडेवर कागद उलटला, ती कड म्हणजे आमच्या दोन्ही घरांमधली भिंत.

टिळकवाडीतला हा प्लॉट वडिलांनी घेतला तेव्हा आजूबाजूला शेते होती. साठ फूट रुंद आणि ऐंशी फूट खोल, म्हणजे साडेचार गुंठ्यांना थोडी कमी जागा. मंगळुरी कौलांचे बसके घर त्यांनी बांधले आणि त्यात आम्ही तिघे भावंडे वाढलो. दादा बँकेतून निवृत्त झाला, मी शाळेतून. मुले मोठी झाली, एका घराला दोन संसार पुरेनात. फ्लॅटवाल्याला जागा द्यायची दोघांचीही तयारी नव्हती. दोन स्वतंत्र बंगले बांधावेत, तर हिशेब जमेना. प्रत्येक घराच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट जागा मोकळी सोडायची असे धरले, तर साठातले चोवीस फूट त्यातच जातात. घरे एकमेकांना चिकटवली, तर बाराच फूट जातात. बारा फूट म्हणजे एक चांगली खोली. म्हणून जोडघर ठरले.

पण मधल्या भिंतीचा विषय निघाला की दादा गप्प होई. त्याचे कारण मला ठाऊक होते.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरात आजोबांच्या काळी वाटणी झाली आणि माजघरातून भिंत घातली गेली. घर आधी, भिंत मागाहून. देवघर चुलत आजोबांकडे गेले, आड आमच्याकडे आला. चुलत आजी पाण्यासाठी रस्त्यावरून वळसा घालून येई, आणि आमची आजी सणावारी देवाच्या पाया पडायला तोच वळसा घालून तिकडे जाई. भिंतीने माजघराचा उजेड खाल्ला. दोन्ही बाजूंना दिवसा दिवा लावावा लागे. ती भिंत कोणी कल्पून घातली नव्हती. भांडणाला जिथे जागा मिळाली तिथे ती उभी राहिली. दादाने लहानपणी ती पाहिलेली. "तसली भिंत मी पुन्हा बांधणार नाही," एवढेच तो म्हणाला.

मी इतिहासाचा मास्तर. मला वाटले, जगात कोणीतरी ही भिंत भांडणाआधी, नीट विचार करून घातली असेलच. तिचा इतिहास शोधावा. शोधता शोधता जे सापडले, ते आपल्यापैकी ज्यांच्या घरात आज असाच कागद टेबलावर पसरलेला असेल, त्यांच्यासाठी इथे मांडतो आहे.

आगीतून आलेला कायदा

इंग्रजीत अशा घराला 'सेमी-डिटॅच्ड' म्हणतात, म्हणजे अर्धे सुटे. आपण जोडघर म्हणतो. घर तेच; त्यांनी सुटलेली बाजू मोजली, आपण जोडलेली. हे घर घडले मुख्यतः इंग्लंडात, आणि त्याची गोष्ट सुरू होते एका आगीपासून.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडनला आग लागली. चार दिवसांत सुमारे तेरा हजार घरे जळाली. घरे लाकडाची, एकमेकांना खेटलेली. एका घराची आग दुसऱ्याला सहज लागे. पुढच्याच वर्षी शहर पुन्हा बांधण्याचा कायदा झाला. घरे विटांची किंवा दगडाची हवीत, घराच्या प्रकाराप्रमाणे भिंतीची जाडी ठरावी, हे त्यात होतेच. पण मला थांबवले ते दोन शेजाऱ्यांमधल्या सामाईक भिंतीबद्दलच्या कलमाने. भिंत दोघांच्या जमिनीवर निम्मी-निम्मी असावी. जो आधी बांधायला लागेल त्याने ती पूर्ण उभी करावी आणि दर्शनी भिंतीत शेजाऱ्यासाठी विटांचे दाते सोडून ठेवावेत. दुसरा जेव्हा बांधायला येईल, तेव्हा भिंतीचा निम्मा खर्च आणि त्यावर शेकडा सहा दराने व्याज पहिल्याला दिल्याशिवाय त्याने त्या भिंतीला हात लावू नये.

कायदा किती साधा आहे पाहा. शेजारी चांगला असेल की वाईट, याची त्याने चिंता केली नाही. तो अजून आलेलाही नसेल. तरी त्याच्यासाठी दाते सोडायचे. आमच्या गावच्या वाटणीत जमीन होती, भिंत होती, दोन्हीकडे सख्खे रक्त होते. पण हिशेब आधी लिहिलेला नव्हता. लंडनमध्ये रक्ताचे नाते नव्हते आणि हिशेब मात्र लिहिलेला होता.

दोन घरे, एक चेहरा

त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे लंडनमध्ये ओळघरांची गेली. दहा-वीस घरे एका रांगेत, प्रत्येकाला दोन सामाईक भिंती, उजेड फक्त पुढून आणि मागून. शहराबाहेर मोकळ्या हवेत राहावे असे मध्यमवर्गाला वाटू लागले, तेव्हा जोडीजोडीने घरे बांधण्याची कल्पना आली. उत्तर लंडनमधल्या सेंट जॉन्स वुड भागाचा १७९४ चा एक आराखडा आहे. त्यात बागांच्या मधोमध अशी जोडघरे दाखवलेली आहेत. एक भिंत कमी लागते, पण तीन बाजूंनी उजेड येतो. खर्च आणि हवा यांची ही तडजोड होती.

मात्र ज्याला बंगला परवडत नाही त्याला, आपल्याला बंगला परवडत नाही, हे लोकांना दिसू द्यायचे नसते. जॉन क्लॉडियस लाउडन या स्कॉटिश बागतज्ज्ञाने ही नस ओळखली. त्याने लंडनच्या पोर्चेस्टर टेरेस या रस्त्यावर १८२३ ते १८२५ च्या सुमारास एक जोडघर बांधले आणि त्यातल्या एका भागात तो स्वतः राहिला. समोर मधोमध काचेचा घुमट असलेले फुलझाडांचे दालन. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावे, हा एकाच श्रीमंताचा वाडा आहे. प्रत्यक्षात आत दोन घरे. ते घर आजही उभे आहे. १८३८ साली त्याने उपनगरातल्या घरांवर आणि बागांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या युक्तीचे विवेचन आहे. पुढे अशा कितीतरी घरांची दारे दोन टोकांना गेली, म्हणजे दोन कुटुंबे एकाच वेळी बाहेर पडली तरी उंबऱ्यावर गाठ पडायला नको.

बाहेरून एक, आतून पूर्ण वेगळी. आमच्या गावच्या घराची ही अगदी उलटी तऱ्हा. तिथे बाहेरून दोन दारे स्पष्ट दिसत, दोन घरांचे बोलणे बंद असे, आणि भिंतीपलीकडे भाजणी भाजली तरी इकडे कळे.

बैठकीची खोली कोणासाठी?

श्रीमंतांचे असे चालले असताना गिरण्यांच्या गावांत गरिबांसाठी भिंतींची काटकसर भलत्याच टोकाला गेली. लीड्स, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या शहरांत पाठीला पाठ लावून घरे बांधली गेली. तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, दार-खिडकी फक्त पुढे. हवा आरपार जायला वाटच नाही. अशी घरे बांधायला बंदी आली ती १९०९ च्या कायद्याने, आणि लीड्समध्ये तर त्यानंतरही बरीच वर्षे ती उठत राहिली.

त्याआधी, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हेन्री रॉबर्ट्स या वास्तुरचनाकाराने राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या आश्रयाने कामगारांसाठी एक नमुन्याची इमारत उभी केली होती. खाली दोन, वर दोन अशी चार बिऱ्हाडे, मध्ये उघडा जिना. प्रत्येक बिऱ्हाडात एक बसण्या-उठण्याची खोली, भांडी घासायला छोटी मोरी आणि निजायला तीन खोल्या. एक आईबापांची, एक मुलांची, एक मुलींची. आपल्याला आज 'थ्री बेडरूम' हा शब्द सहज वाटतो, पण त्यामागे हा विचार आहे. प्रदर्शन संपल्यावर ती इमारत केनिंग्टन पार्कमध्ये नेऊन पुन्हा बांधली, आणि तिथे ती अजून आहे.

नंतर आला रेमंड अन्विन. १९०२ साली त्याने कामगारांच्या घरांच्या नकाशांवर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्याचे म्हणणे असे, की घर रस्त्याकडे तोंड करून न बांधता सूर्याकडे तोंड करून बांधावे. मागच्या बाजूला मोरी-कोठीचे शेपूट काढले की शेजारच्या खिडकीचा उजेड जातो. ते काढू नये. आणि वर्षातून चार वेळा पाहुण्यांसाठी उघडायची बैठकीची खोली गरिबाच्या घरात ठेवून बाकी वेळ सगळ्यांनी स्वयंपाकघरात दाटीवाटीने राहायचे, यात शहाणपणा नाही. १९१२ साली त्याने आणखी एक हिशेब मांडला. एकरात जितकी घरे जास्त कोंबावीत तितके रस्ते जास्त लागतात आणि रस्त्यांचा खर्च घरांवरच बसतो. दाटी करून शेवटी फारसे काही वाचत नाही.

पहिले महायुद्ध संपता संपता सरकारने नेमलेल्या ट्यूडर वॉल्टर्स समितीत अन्विन सभासद होता. १९१८ च्या तिच्या अहवालाने नंतरच्या इंग्लंडचा चेहरा ठरवला. शहरात एकरी बारा घरे, खेड्यात आठ. एकर म्हणजे चाळीस गुंठे, तेव्हा घरामागे सव्वातीन गुंठ्यांहून थोडी अधिक जागा. समोरासमोरच्या घरांत सत्तर फुटांचे अंतर, म्हणजे हिवाळ्यातला खाली उतरलेला सूर्यही खिडकीत यावा. घराचे दोन नमुने दिले, एक बैठकीच्या खोलीचा आणि एक तिच्याशिवाय. बैठकीच्या खोलीसह सुमारे १,०५५ चौरस फूट आणि तिच्याशिवाय सुमारे ८५५. एकरी बारा या मापात दोन-दोन घरांच्या जोड्या छान बसल्या. आणखी एक मोठी सोय झाली. ओळघरात कोळशाचे पोते आणि कचऱ्याची बादली घरातूनच न्यावी लागे. जोडघराला बाजूने बोळ मिळाला आणि कोळसा थेट मागच्या दारी पोहोचला. घर नीट चालते की नाही हे पुढच्या दारापेक्षा मागच्या दाराने ठरते, हे आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगायला नको.

याच वर्षी सरकारने बायकांचीही एक समिती नेमली. लेडी एमट तिच्या अध्यक्षा. त्यांनी कामकरी बायकांना घराबद्दल विचारले. उत्तरे अन्विनच्या तर्काला सोडून होती. बायकांना बैठकीची खोली हवी होती. सगळे घर कामाने, धुण्याने, पोरांनी भरलेले असते. एक खोली तरी अशी हवी जिथे आजारी माणूस पडेल, मुलगा अभ्यास करील, आलेल्याला बसवता येईल आणि स्वतःलाही घटकाभर टेकता येईल. न्हाणी मोरीतच नको, वेगळ्या खोलीत हवी, गरम पाणी हवे, असेही त्या म्हणाल्या. खर्चाच्या मुद्द्यावर यातले बरेच बाजूला पडले.

हे वाचताना मला आई आठवली. घर बांधताना वडिलांनी बैठक पंधरा फुटांची केली आणि स्वयंपाकघर आठ फुटांचे. आईला कोणी विचारले नव्हते. आमचा नकाशा पुन्हा टेबलावर आला तेव्हा मी पेन्सिल आधी वहिनींच्या आणि मग माझ्या बायकोच्या हातात दिली. दोघींनी पहिल्यांदा काय केले असेल? मागच्या दाराशी पाच फुटांची झाकलेली पडवी काढली. बेळगावच्या जुलैमध्ये कपडे कुठे वाळत घालायचे, हे इंजिनिअरच्या डोक्यातही आले नव्हते.

धुराड्याची पाठ

१९१९ साली डॉ. अ‍ॅडिसन यांनी आणलेल्या कायद्याने नगरपालिकांना घरे बांधायला सरकारी मदत मिळू लागली. पाच लाख घरांचे उद्दिष्ट होते. १९२१ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. तरी दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत तिथे सुमारे चाळीस लाख घरे उभी राहिली. त्यांतली बहुतेक खाजगी बांधकामवाल्यांची, आणि त्यांचे आवडते रूप म्हणजे जोडघर. १९३० नंतर कर्ज स्वस्त झाले, लोहमार्ग शहराबाहेर पोहोचले आणि कारकून, शिक्षक, दुकानातले नोकर अशी माणसे हप्त्याने घरमालक झाली.

या घराचा नकाशा इतका पक्का ठरून गेला की इंग्लंडात डोळे मिटून आत फिरता यावे. पुढचे दार बाहेरच्या कडेला. आत शिरले की बाहेरच्या भिंतीला लागून जिना, वळणावर रंगीत काचेची छोटी खिडकी. मधल्या भिंतीला लागून एकामागे एक दोन खोल्या, पुढची बसायची, मागची जेवायची. मागे कोपऱ्यात चिंचोळे स्वयंपाकघर. वर दोन मोठ्या खोल्या, दारावरची तिसरी अगदी लहान, आणि मागे न्हाणी. शेजारचे घर म्हणजे हाच कागद उलटा केलेला.

आमच्या इंजिनिअरनेही नेमका हाच नकाशा काढला होता! जिना बाहेर आणि बसण्या-झोपण्याच्या खोल्या मधल्या भिंतीला. इंग्लंडात असे का झाले, याचे उत्तर शेगडीत आहे. तिथे प्रत्येक खोलीत कोळशाची शेगडी भिंतीत बांधलेली. दोन घरांच्या शेगड्या मधल्या भिंतीत पाठीला पाठ लावून बसवल्या की धुराडे एकच बांधावे लागे, आणि उष्णता बाहेरच्या गार हवेत न जाता दोन्ही घरांत राही. म्हणजे ती मधली भिंत उबदार होती. तिच्यापाशी बसायला त्यांना कारण होते.

पण त्या नऊ इंची भिंतीतून उबेबरोबर आवाजही येई. शेजारचा रेडिओ, पियानो, मुलाचे रडणे, नवराबायकोचे भांडण. म्हणून काही बांधकामवाल्यांनी दुसरा नमुना काढला. दोन्ही दारे मध्ये शेजारी-शेजारी, दोन्ही जिने मधल्या भिंतीला, आणि खोल्या दूर बाहेरच्या बाजूंना. दोन कुटुंबांच्या मध्ये मग दोन जिने आणि दोन वाटा आल्या. शांतता मिळाली, धुराडी मात्र दोन झाली आणि थोडी उष्णता बाहेर गेली. आज कोळशाच्या शेगड्या गेल्या आहेत, आणि जिने मध्ये असलेली घरे विकताना तिथले दलाल ती गोष्ट आवर्जून सांगतात.

आमच्याकडे धुराडे कधीच नव्हते. ज्या कारणाने तो नकाशा जन्मला ते कारण मागे राहिले आणि नुसता नकाशा पुस्तकांतून इथवर आला. मी इंजिनिअरला हे सांगितले, तेव्हा तो घटकाभर कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, कॉलेजात आम्हाला हा नमुना शिकवला. का, ते कुणी सांगितलं नाही."

रस्त्यावरची भिंत

भिंतींच्या या इतिहासात एक प्रकरण कडू आहे. ऑक्सफर्ड शहराच्या उत्तरेला कटस्लो नावाची वस्ती आहे. तिथे नगरपालिकेने गरिबांसाठी घरे बांधली आणि तिला लागूनच एका खाजगी कंपनीने विक्रीची घरे. आपल्या गिऱ्हाइकांना भाडेकरूंचा शेजार खपणार नाही असे वाटून कंपनीने १९३४ च्या डिसेंबरात दोन रस्त्यांवर आडव्या भिंती घातल्या. पुरुषभर उंचीहून जास्त, वर लोखंडी टोके. पलीकडच्यांना मुख्य रस्त्यावर यायला मोठा वळसा पडू लागला. १९३८ साली नगरपालिकेने भिंती पाडल्या, तर कंपनी कोर्टात गेली आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. अखेर भिंतीखालची जमीनच नगरपालिकेने विकत घेतली, तेव्हा १९५९ च्या मार्चमध्ये त्या कायमच्या गेल्या.

गंमत अशी की भिंतीच्या दोन्ही बाजूंना बरीचशी जोडघरेच होती. घरातली भिंत माणसांना जवळ राहू देते आणि रस्त्यावरची भिंत त्यांना वळसा घालायला लावते. चुलत आजीचा तो रस्त्यावरचा वळसा मला इथे पुन्हा दिसला. सीमेवरच्या आपल्या गावांत, जिथे एका घराच्या पाटीवरची भाषा शेजारच्या पाटीवर नसते, तिथे हे निराळे समजावून सांगायला नको.

इंदूरची एक दिवाळी

हा विचार आपल्याकडे कसा आला? मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला, हिंदुस्थानातला असा पहिलाच. बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होते. १९५६ नंतर आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तिथे १९६१ चा नवा कायदा आला, पण प्लॉट आखावेत, घराभोवती मोकळी जागा सोडावी, नकाशा मंजूर करून घ्यावा, ही वहिवाट पुढे चालूच राहिली.

त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान हिंदुस्थानात आला. त्याने नगररचनेचे मोठे प्रदर्शन बोटीने पाठवले होते. १९१४ साली जर्मन युद्धनौका एमडनने ती बोटच बुडवली. मित्रांकडून नवे नकाशे, चित्रे जमवून त्याने ते पुन्हा उभे केले. बडोद्यासाठी त्याने १९१६ साली अहवाल लिहिला आणि इंदूरच्या होळकर दरबारासाठी १९१८ साली दोन खंडांचा. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते फाडून काढण्याला त्याचा विरोध असे. आधी घर पाहा, त्याचे अंगण, ओसरी, तुळस पाहा. माणसाला मोकळी जागा आणि बळकट जोते द्या, वरचे तो हळूहळू स्वतः बांधील, हा त्याचा आग्रह.

इंदुरात प्लेगची भीती होती. १९१७ च्या सुमारास त्याने दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली आणि महाराजांनी ती दिली. मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या गल्लीत सर्वांत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून ठेवलेली असतील तिथूनच जाईल, असे जाहीर झाले. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. झाडूवाले नवे पांढरे कपडे घालून सन्मानाने चालले. लक्ष्मीच्या मागून एक नवी देवता आली, इंदूर नगरी. तिच्या निशाणावर एका बाजूला शहराचे नाव आणि दुसऱ्या बाजूला शहराचा नकाशा होता, होऊ घातलेले बदल तांबड्या रेघांनी दाखवलेला. शेवटी राक्षस जाळला आणि तुळशीची रोपे वाटली.

नकाशा मिरवणुकीत नेणारा माणूस मला फार आवडला. नकाशा कचेरीतल्या फायलीत राहिला की तो इंजिनिअरचा असतो. गल्लीतून फिरला की गल्लीचा होतो.

शेवटची रेघ

आम्हीही आमचा कागद घरभर फिरवला. त्यात बदल झाले ते असे. दोन्ही जिने मधल्या भिंतीला आले. भिंतीला पाठ लावून दोन्हीकडे कपाटे आली, पण समोरासमोर नाहीत, म्हणजे भिंत कुठेही पोकळ होऊ नये. न्हाणीघरे आणि नळ बाहेरच्या बाजूंना गेले, कारण मधल्या भिंतीत ओल आली तर ती कोणाची, यावरून आमच्या नातवंडांत वाद नको. दारे शेजारी-शेजारी, आणि दोन्ही दारांपुढे मिळून एकच लांब ओसरी, एकच तुळस. भिंतीत एक दार ठेवावे असे दादाच्या मनात होते. वहिनी म्हणाल्या, "नको. दार असलं की ते कधी लावलं आणि कधी उघडलं, याचे अर्थ काढत बसतील." दार राहिले.

लंडनचा कायदा स्मरून आम्ही कागदही केला. भिंतीची दुरुस्ती निम्मी-निम्मी. उद्या एकाने मजला चढवला तर भिंतीचा जादा खर्च त्याचा, आणि दुसऱ्याने पुढे तिचा उपयोग केला तर त्याने निम्मा भरावा. दादा सही करताना म्हणाला, "आजोबांनी हे एवढं केलं असतं तर..." आणि पुढे बोलला नाही.

गवंडी कन्नड बोलणारा, बैलहोंगलकडचा. त्याने दोरी लावली आणि "नडुविन गोडे" म्हणून खुंटी ठोकली. मधली भिंत. दोन भाषांत ती एकाच जागी आली याचे मला उगीच बरे वाटले.

पायाभरणीला मिरजेहून ताई आली होती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकात १९९४ साली आली, देशभर २००५ साली. ताईचा वाटा होताच. तिने हसत हसत हक्कसोडपत्रावर सही करून दिली होती, आणि आम्हीही ते हसत हसत घेतले होते. तिने नकाशा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, "भाऊबीजेला मी कुठल्या दारात उभी राहू?"

कोणी बोलले नाही. शेवटी माझी बायको म्हणाली, "ओसरी एकच आहे ना, ताई. ओवाळणं तिथंच." "ओवाळणं झालं गं," ताई म्हणाली, "रात्री निजायचं कुठं?"

एवढा इतिहास वाचून मी या एका प्रश्नाला तयार नव्हतो. तीन खोल्या, आईबापांची, मुलांची, मुलींची, हे १८५१ पासून ठरलेले. लग्न होऊन गेलेल्या मुलीची खोली कुठल्याच नकाशात नाही.

त्या रात्री इंजिनिअरला फोन केला. ओसरीवर, दोन्ही दारांच्या डोक्यावर, एक खोली निघत होती. पण ती बरोबर मधल्या रेघेवर येत होती, आणि कर्जाच्या कागदांना रेघ सरळ हवी. रेघ एका बाजूला सरकवल्यावाचून गत्यंतर नव्हते. शेवटी खोली माझ्या बाजूला आली आणि तिचा निम्मा खर्च दादाने दिला. लंडनच्या कायद्याप्रमाणे शेकडा सहा व्याजाचे काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ताईला विचार.

स्लॅब पडला आहे. गिलावा अजून ओला आहे. यंदाची भाऊबीज ओसरीवर होईल, आणि ताईने तिच्या खोलीच्या खिडकीसाठी पडद्याचे कापड मिरजेहून आधीच पाठवले आहे.